खाणं आधी की गाणं आधी?

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेले होते, की मेट्रो मंडईपर्यंत यायला लागल्यापासून माझ्या बाणेर-वाकडच्या मैत्रिणींना अचानक पुण्याच्या जुन्या पेठा आवडायला लागल्यात. बस, एवढ्यावर टपाल आणि मेल मिळून इतकं आलं की संपादक म्हणाले या वेळचं अख्खं सदर यावरच करा. तर करते. नावं नेहमीसारखी वगळलीयत.

प्रश्न : ताई, आम्ही मूळचे लातूरचे, सहा वर्षं झाली वाकडला राहतो. पुढच्या महिन्यात दीर आणि जाऊबाई येतायत, त्यांना जुनं पुणं बघायचंय आणि खरं सांगायचं तर मीही शनिवारवाड्याच्या पलीकडे काही बघितलेलं नाही. रील्समध्ये दिसतं की पेठा आता एकदम मस्त झाल्यात, वाडे दुरुस्त केलेत, लायटिंग वगैरे. माझ्या डोक्यात असं आहे की एखाद्या जुन्या वाड्यात निवांत जेवायचं आणि समोर कुणीतरी लाइव्ह गातंय. असं ठिकाण सांगा ना. चौघांचं बजेट तीन हजार. – एक वाकडकर

उत्तर : अगं, असं ठिकाण मी तुला सांगणार नाही. पेठेत खाणं आणि गाणं एका छपराखाली नांदत नाही, कधीच नांदलं नाही. इथे गाणं ऐकायला लोक जेवून येतात किंवा उपाशी येतात पण गाता गाता समोर कुणी पापड मोडला तर शेजारचे आजोबा अशी मान वळवतात की पापड तोंडातच विरघळवावा लागतो. तेव्हा दोन्ही हवं असेल तर दोन्हीच्या मधे चालायची तयारी ठेव, आणि माझ्या मते खरी मजा त्या चालण्यातच आहे.

गाडी घरी ठेव. पिंपरीकडून येणारी मेट्रो आता थेट स्वारगेटपर्यंत जाते, सप्टेंबर २०२४ पासून, आणि शेवटचा टप्पा पेठांच्या पोटातून जमिनीखालून. तुम्ही कसबा पेठ स्टेशनला उतरा, आधी याला बुधवार पेठ म्हणायचे. साधारण साडेतीनला उतरलात तर बरं, कारण पहिलं ठिकाण उन्हातच बघायचंय. तांबट आळी. विचारत विचारत जा, किंवा विचारू नका, आवाज येतो. बोळात शिरलं की आधी एक ठोका, मग दुसऱ्या घरातून दुसरा, तिसरा, प्रत्येकाची लय वेगळी आणि तरी मिळून काहीतरी एक चाललेलं. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने एकेक ठोका शेजारी शेजारी देत जातात, त्याला मठारणं म्हणतात, त्यामुळे पत्रा कडक होतो आणि भांड्याच्या अंगावर ते छोटे छोटे खळगे उमटतात, चकाकतात बघ उन्हात, ते. पेशवाईपासून ही मंडळी इथे आहेत. मधे धंदा पार बसला होता, कारण घराघरातून बंब गेले, घंगाळं गेली, स्टील आलं. आता त्याच खळग्यांचे दिवे आणि फुलदाण्या करतात आणि त्या चांगल्या विकल्या जातात. तुला लाइव्ह म्युझिक हवं होतं ना, हे पहिलं, आणि याला तिकीट नाही. फक्त दारात उभं राहून मोबाइल नाकासमोर नेऊ नका, आधी विचारा, काम करणारी माणसं आहेत. जाऊबाई घंगाळ मागतील, तेव्हा तीन हजारांचा विषय तिथेच संपेल ते तुझं तू बघ.

मग कसबा गणपती, लाल महाल बाहेरून, शनिवारवाडा. वाड्याच्या आत जायचं का हे पाहुण्यांवर सोड, कारण १७३० साली पाया घातलेला वाडा १८२८ च्या आगीत जळाला, आत मुख्यतः जोती आणि हिरवळ आहे आणि दिल्ली दरवाजा तर बाहेरूनच बघायचा असतो. त्यापेक्षा चहा प्या. अमृततुल्य. कुठलंही चालेल पण जुनं बघून शिरा, म्हणजे असं की मालक पितळी पातेल्यासमोर मांडी घालून बसलेला, वेलची-आलं तिथेच कुटतोय, आणि चहा फडक्यातून गाळतोय. पुण्यातली ही दुकानं बरीचशी राजस्थानातून आलेल्या कुटुंबांची, म्हणून नावं सगळी देवांची, नाहीतर शंकराच्या कुठल्यातरी देवळाची. शेजारी काचेच्या बरणीत क्रीमरोल असतो, तो घ्यायचा की नाही यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत.

तिथून केळकर रोडने सरळ, आप्पा बळवंत चौक ओलांडून, केसरीवाड्याकडे. समोर प्रभा विश्रांती गृह, बटाटेवडा. चटणी मागायची नाही, मिळेल तेवढी खायची. पाट्या वाचा, पाळा. आणि परत मागे येऊन बाजीराव रोडवर विश्रामबागवाडा बघा, हा दुसऱ्या बाजीरावाचा, दोनशे वर्षांहून जुना, महापालिकेने दुरुस्त केलाय. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून वरची लाकडी बाजू बघायची, ते सुरूच्या झाडासारखे कोरलेले खांब. बसची गर्दी असते, दोन मिनिटं थांबलं की मधे फट मिळते.

सहा वाजलेले असतात तोवर. आता गाणं. सदाशिव-नारायण-शनिवार आणि टिळक रोड एवढ्या टापूत रोज संध्याकाळी कुठे ना कुठे काहीतरी असतंच, भरत नाट्य मंदिर, टिळक स्मारक, सुदर्शन रंगमंच, ज्योत्स्ना भोळे सभागृह, उद्यान प्रसाद कार्यालय, झालंच तर नवी पेठेत एस. एम. जोशी. त्या दिवशीच्या पेपरात 'आज पुण्यात' छापाचं सदर असतं ते सकाळीच बघून ठेव. भरत नाट्यला संगीत नाटक असेल तर डोळे झाकून तेच घे. लातूरच्या पाहुण्यांना ख्यालाचं शास्त्रीय गाणं कदाचित लांब वाटेल पण नाटकातला नट बोलता बोलता उभा राहून पदाला सुरुवात करतो, ऑर्गन वाजतो, वन्समोअर येतो आणि मेलेला माणूस उठून परत तेच पद म्हणतो, हे कुणालाही आवडतं.

नऊ-साडेनऊला बाहेर. जेवण हवं असेल तर लक्ष्मी रोडवर पूना गेस्ट हाऊस, मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदारांनी १९३५ साली काढलेलं, नाटक-सिनेमावाल्यांचा अड्डा होता तो. पण उशीर झाला तर स्वयंपाकघर बंद होतं, तेव्हा कार्यक्रमाआधीच फोन करून विचारून ठेव. वड्याने पोट भरलेलंच असेल तर सरळ निंबाळकर तालमीपाशी सुजाताची मस्तानी. घट्ट दूध, त्यावर आइस्क्रीमचा गोळा, स्ट्रॉ उभा राहतो. चौघांत दोन घ्या, मग परत दोन घ्याल. शेवटची मेट्रो किती वाजता आहे ते येतानाच स्टेशनवर बघून ठेवायचं, मस्तानी हातात आल्यावर नाही.

प्रश्न : शनिवारी संध्याकाळी फोर व्हीलर कुठे लावू? – बाणेर

उत्तर : बाणेरला.

बरं, अगदीच आजारी माणूस बरोबर असेल तर मंडईजवळ मिनर्व्हा आणि आर्यन हे दोन वाहनतळ आहेत, जागा मिळाली तर मिळाली. रस्त्यावर सम-विषम तारखेचं गणित असतं, पी वन पी टू, आणि त्या गणितात मी पंचावन्न वर्षं इथे काढूनही नापास होते, दोन वर्षांपूर्वी एका मैफलीतून मध्यंतरात बाहेर आले तर स्कूटर नव्हती, तिच्या जागी खडूने लिहिलेला नंबर होता. दुसरा भाग ऐकला, मग दंड भरला. ११ डिसेंबर २०२१ ला पहिल्यांदा लक्ष्मी रोडचा एक तुकडा दिवसभर गाड्यांना बंद करून पादचारी दिन केला होता, त्यानंतरही डिसेंबरमध्ये करतात, त्या दिवशी येऊन बघा रस्ता किती रुंद आहे. आम्हालाच माहीत नव्हतं.

प्रश्न : ताई नमस्कार. मी परभणीचा, दीड वर्ष झालं नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतोय. दिवसभर अभ्यासिका आणि संध्याकाळी मेस. रूमवर येताना एका हॉलमधून गाण्याचा आवाज येतो रोज, आत जावंसं वाटतं पण एक तर पैसे नाहीत आणि दुसरं म्हणजे शास्त्रीय मला कळत नाही, सगळे पांढऱ्या कपड्यातले लोक बसलेले असतात, आपण तिथे शोभत नाही असं वाटतं. खरंच कुणालाही जाता येतं का? – एक परीक्षार्थी

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. जाता येतं. दारावर 'सर्वांना विनामूल्य प्रवेश' लिहिलेलं असेल तर त्या सर्वांमध्ये तू आहेस, आणि आयोजकाला तर तू त्या पांढऱ्या कपड्यांपेक्षा जास्त हवा आहेस, कारण त्याची काळजी एकच असते, की आपला प्रेक्षक सत्तरीच्या पुढचा झालाय. फक्त पहिल्या तीन रांगा निमंत्रितांसाठी म्हणून कागद लावलेला असतो तिथे बसू नकोस. त्या शेवटपर्यंत रिकाम्या राहतात, तरी बसू नकोस.

पुण्यात फुकट गाणं कमी नाही. कुणा ना कुणा बुवांची पुण्यतिथी, जयंती, गुरुपौर्णिमा, शिष्यांची हजेरी. शनिवार पेठेतलं गांधर्व महाविद्यालय विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली काढलं, त्यांचे गुरू विष्णु दिगंबर पलुस्कर आदल्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले होते, त्यामुळे ऑगस्टमध्ये तिथे लक्ष ठेव. भारत गायन समाज त्याहून जुना, १९११ चा, भास्करबुवा बखल्यांचा, म्हणजे बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव ज्यांच्याकडे शिकले ते. अशा जागी विद्यार्थी गातात, चुकतात, गुरुजी डोळ्यांनी दटावतात. नवीन माणसाला ऐकायला मी म्हणेन हेच बरं, कारण चुकलेलं ऐकू आलं की बरोबर काय ते कळायला लागतं.

आता कळण्याबद्दल. राग ओळखायचा प्रयत्नच करू नकोस, शेजारचे ओळखतात आणि तुला सांगतातच. तू फक्त सम पकड. तबला वाजत असतो, गाणारा कुठेतरी लांब भटकून येतो आणि एका ठिकाणी दोघं एकदम भेटतात, त्या क्षणाला अर्ध्या हॉलच्या माना हलतात. पहिल्या दिवशी माना बघून सम ओळख, चौथ्या-पाचव्या कार्यक्रमाला तुझी मान आपोआप हलेल. सुरुवातीला तंबोरे लावतात त्यात दहा मिनिटं जातात, ते ऐकत राहायचं, फोन काढायचा नाही. उठायचं असेल तर दोन रागांच्या मधे उठ. चपला जिथे काढशील ती जागा लक्षात ठेव आणि फार नव्या घालून जाऊ नकोस, रसिकता आणि प्रामाणिकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि ख्याल अगदीच जड वाटला तर सदाशिव पेठेत नारद मंदिर आहे, हरिदासांच्या कीर्तनाची जुनी संस्था. बुवा नाहीतर ताई उभं राहून पूर्वरंगात निरूपण करतात, उत्तररंगात आख्यान लावतात, साथीला तबला-पेटी, मधेच साकी येते, दिंडी येते, कटाव येतो, हे सगळे गायचे पद्यप्रकार, आणि टोमणे तर सगळे आजच्या राजकारणावर. तासभर बोलणं, गाणं आणि एका माणसाने पंचवीस माणसांना धरून ठेवणं. तुझ्या मुलाखतीच्या तयारीलासुद्धा उपयोग होईल बघ, मी चेष्टा करत नाहीये. शेवटी आरतीचं ताट फिरतं, त्यात दहा रुपये टाकायचे, आणि प्रसाद मिळतो तो पेढा असेल तर मेसच्या पोळीवर सूड उगवल्यासारखं वाटतं.

प्रश्न : पुण्यातली सगळ्यात बेस्ट मिसळ कुठली, एकच नाव सांगा, पळवाट काढू नका. – चिंचवड

उत्तर : पळवाट काढते. यावरून आमच्या वाड्यात दोन भाऊ तीन वर्षं बोलत नव्हते.

तुम्ही झणझणीत तर्रीवर वाढलेले असाल तर पेठेतली मिसळ पहिल्या घासाला फिकीच लागणार हे आधी समजून या. फडके हौदाच्या चौकात वैद्यांकडे कट लाल नाही, आल्या-हिरव्या मिरचीकडे झुकणारा, तुळशीबागेतल्या श्रीकृष्ण भुवनचंही तसंच. नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळात बेडेकर, गोडसर कट आणि बरोबर स्लाइस ब्रेड. जीभ भाजून हवी असेल तर टिळक रोडला रामनाथ. रस्सा परत हवा असेल तर 'सॅम्पल द्या' म्हणायचं. आणि मिसळ ही सकाळची गोष्ट आहे हो, संध्याकाळी गाण्याआधी मिसळ शोधत फिरणाऱ्यांना मी बघते तेव्हा मला वाईट वाटतं. वैद्य कसबा पेठ स्टेशनच्या अगदी जवळ, रविवारी सकाळी आलात तर भूक लागायच्या आत रांगेत उभं राहा.

प्रश्न : बाईसाहेब, आपण पेठा 'पुन्हा जिवंत झाल्या' अशा आशयाचं लिहिलंत. आम्ही चौऱ्याहत्तर वर्षं सदाशिवात राहतो, आम्ही मेलो कधी होतो? झालंय ते एवढंच, की वाडे पाडून इमारती झाल्या, सवाई गंधर्व महोत्सव पेठेतून उठून मुकुंदनगरला गेला, आणि ज्या दोन-चार जुन्या वास्तू उरल्या त्यात पेशवाई नावं ठेवून कॉफी विकतात. खिडकीखाली रोज कुणीतरी रील काढतं. याला आपण संस्कृती म्हणता काय? – सदाशिव पेठ

उत्तर : काका, पहिल्या वाक्याबद्दल माफी. 'पुन्हा जिवंत' हा शब्द मी वापरला नव्हता पण वाचताना तसं वाटलं असेल तर चूक लिहिणाऱ्याचीच.

सवाईचं दुःख मलाही आहे. रमणबागेच्या मैदानावर मी वडिलांच्या मफलरमध्ये झोपून भीमसेनजी ऐकलेत, म्हणजे ऐकले असं वडील सांगायचे. १९५३ साली भीमसेनजींनी तो गुरूंच्या, म्हणजे सवाई गंधर्वांच्या, स्मरणार्थ सुरू केला, तेव्हा रात्ररात्र चालायचा, आणि २०१८ पासून मुकुंदनगरला. पण मला विचाराल तर सवाई बदलला तो जागेमुळे कमी आणि घड्याळामुळे जास्त. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद झाला, वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते तेवढीच. म्हणजे मग दुपारी सुरू करायचं, भीमपलास, मारवा, पुरिया, यमन इथपर्यंत यायचं आणि दरबारी-मालकंसाच्या वेळेला लोक रिक्षा शोधतायत. उत्तररात्रीचे राग समोर बसून ऐकलेली आपली शेवटची पिढी असेल काका. यात कॉफीवाल्यांचा काही दोष नाही. उलट तुम्हीआम्हीच पोलिसांना फोन करतो की ढोल थांबवा, जूनपासून नदीकाठी पथकांचा सराव सुरू होतो तेव्हा मी स्वतः दोनदा केलाय.

आणि जुन्या वास्तूला नवं काम लागतं हे काही आत्ताचं नाही. आपली मंडई घ्या. १८८६ साली बांधून झाली, नाव रे मार्केट, मुंबईच्या गव्हर्नराचं. हिच्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत असताना विरोध केला होता, म्हणाले हा पैसा शिक्षणावर घाला. पुढे अत्र्यांनी पुढाकार घेऊन तिला फुल्यांचंच नाव दिलं, आणि आता तिच्याच शेजारी जमिनीखालून मेट्रो निघते. त्या अष्टकोनी मनोऱ्याखाली ओट्यावर बसून गवारीचे वाटे लावणाऱ्या बायका या सगळ्यात हलल्या नाहीत. मला वाटतं पेठेचं असंच आहे, वरचं नाव बदलतं आणि ओटा तोच राहतो.

पण कॉफीच्या बाबतीत एक कबुली देते, कारण तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं. गेल्या दिवाळीनंतर मी एका अशाच ठिकाणी गेले होते, नाव सांगत नाही, जुना वाडा, चौकात छान टेबलं, तुळशीवृंदावनाभोवती दिव्यांची माळ, आणि 'मेहफिल नाइट'. पोरगी गायला बसली, विशी-बाविशीची, तयारीची होती हो, यमन लावला, आलापीत निषादावर जाऊन थांबली, आणि मागे स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला. कोल्ड कॉफी. तिने सूर धरून ठेवला, मिक्सर थांबेना, मग ती हसली आणि खाली आली. टाळ्या पडल्या, लोकांना वाटलं संपलं. शेजारच्या टेबलावर वाढदिवसाचा केक आला. मी बिल दिलं, त्यात 'म्युझिक चार्ज' वेगळा लावला होता, आणि तिला किती मिळाले हे जाताना विचारलं तर म्हणाली, काकू, जेवण आहे ना. वाकडच्या त्या मुलीला मी वर जे सांगितलं त्याच्या मागे ही संध्याकाळ आहे.

तरी रीलवाल्यांना शिव्या घालू नका. त्यातलं एखादं पोर चुकून भरत नाट्यच्या दारात उभं राहून आतल्या ऑर्गनचा आवाज ऐकतं, मी बघितलंय. तुमच्या खिडकीखालच्यांना मात्र खुशाल पाणी टाका, कुंड्यांना घालताय असं दाखवून.

प्रश्न : भावाचं मत आहे की पुण्यात लाइव्ह म्युझिक म्हणजे कोरेगाव पार्क, तुमच्या पेठेत बँडच नाही. खरं का? – कर्वेनगर

उत्तर : गिटारवाला बँड म्हणत असेल तर भाऊ बरोबर आहे, त्याने खुशाल तिकडे जावं, एनएच सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव २०१० साली तिकडेच सुरू झाला. पण बँड नाही म्हणतो? प्रभात बँड आणि दरबार बँड कुठले मग? विसर्जनाच्या मिरवणुकीत मानाच्या गणपतीपुढे हेच असतात, लाल नाहीतर पांढरे गणवेश, चकचकीत पितळ आणि क्लॅरिनेटवर भक्तिगीत असं वाजवतात की ढोलाच्या दोन पथकांच्या मधल्या शांततेत अख्खा लक्ष्मी रोड गुणगुणायला लागतो. भावाला त्या दिवशी सकाळी दहाला बेलबाग चौकात उभा करा. नाश्ता करून आणा.

प्रश्न : आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. लहानपणी शुक्रवार पेठेत राहायची, भारत गायन समाजात चार वर्षं शिकली, लग्नानंतर सुटलं. आता आम्ही सिंहगड रोडला, गुडघे गेलेत त्यामुळे गेली दहा-बारा वर्षं ती पेठेत आलेलीच नाही. तिला एकदा गाणं ऐकायला आणि काहीतरी तिच्या आवडीचं खायला न्यायचंय पण भीती वाटते, गर्दी, जिने, तिथलं बदललेलं बघून तिला त्रास होईल का. – सिंहगड रोड

उत्तर : घेऊन या. त्रास झाला तर होईल, आणि बदललेलं बघून बायका त्या वयात रडतात त्यापेक्षा जास्त भांडतात, असा माझ्या सासूबाईंचा अनुभव आहे. त्यांना तुळशीबागेत नेलं तर राममंदिराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, हे सगळं प्लॅस्टिक कोणी आणलं, आणि मग त्याच प्लॅस्टिकच्या तीन पिना घेतल्या.

गुडघ्यांचं सांगते. रिक्षाने स्वारगेट आणि तिथून एकच स्टेशन मंडई, लिफ्ट आहे, बाहेर निघाल्या की त्यांच्या ओळखीचा मनोरा समोर. किंवा सरळ रिक्षाने हॉलच्या दारात, तो मोह टाळू नका. हॉल निवडताना भारतीय बैठक आहे की खुर्च्या हे फोन करून विचारा, बैठक असली तरी कडेला दहा-बारा खुर्च्या ठेवलेल्या असतात पण त्या अर्धा तास आधी भरतात, आमच्याकडे गुडघे सगळ्यांचेच गेलेत. जिना असेल तर पहिल्या मजल्यावरचे छोटे हॉल सोडून द्या, कार्यक्रम कितीही चांगला असला तरी. दिवाळी पहाट नको, पहाटे पाचला गर्दी आणि थंडी. साधी मंगळवार-बुधवारची संध्याकाळ घ्या. पाऊस नसलेली.

खायला काय आवडतं ते लिहिलं नाहीत. जुन्या शुक्रवारातल्या आहेत तर कावऱ्यांची मस्तानी नाहीतर आइस्क्रीम माहीत असणार, तुळशीबागेजवळच आहे, बसायला जागा आहे का ते आधी तुम्ही आत जाऊन बघा आणि मग त्यांना उतरवा. गाण्याआधी थोडंसंच, घसा बसतो असं त्याच म्हणतील, शिकलेली बाई आहे.

एक विनंती, त्यांच्या शेजारी बसून 'कळतंय का, ऐकू येतंय का' असं दर पाच मिनिटांनी विचारू नका. माझी मुलगी मला विचारते. आणि हॉलवर पोचल्या पोचल्या स्वच्छतागृह कुठल्या मजल्यावर आहे ते बघून ठेवा, निम्म्या ठिकाणी ते अर्धा जिना वर किंवा अर्धा जिना खाली असतं आणि हे कुठल्याच जाहिरातीत छापत नाहीत.